तळहाताची ऊब

जेवण झालं आणि रघुवीर छाती धरून खाटेवर कलंडले. मालिनीबाईंनी घाईघाईनं गोळीचं पाकीट त्यांच्या तळहातावर ठेवलं. या नव्या पाकिटांचा कचरा होत नसे. रुग्णाच्या तळहाताच्या रेषा ओळखून ती त्याच्या उबेनं विरघळून जात. आज मात्र पाकीट तसंच राहिलं.

"वहिनी, कात्रीनं कापा!" धावत आलेले शेजारचे इकबालभाई म्हणाले.

"कापलं की औषध निकामी होतं हो."

मालिनीबाई नवऱ्याचा गार हात दोन्ही हातांत धरून चोळत राहिल्या. बऱ्याच वेळानं पाकीट विरघळलं.

"उघडलं! अहो, आ करा बघू."

इकबालभाईंनी रघुवीरांच्या दुसऱ्या मनगटावर नाडी शोधणारी बोटं हळूच काढून घेतली.

"वहिनी, ती ऊब तुमच्या हातांची होती."