पार्वतीआजीची बत्तिशी

निलयने नशामुक्तीवरच्या भाषणात अख्ख्या जयपूरमधून पहिला नंबर मारला. शाळेने 'नशामुक्त परिवार' म्हणून सगळ्या घरालाच स्टेजवर बोलावलं. "आजी, तिथे तंबाखूचं नाव नको, मतलब बिलकुलच नको! ढाल परत घेतील," निलयने बजावलं. साताऱ्याहून आलेल्या पार्वतीआजीने शब्द दिला.

स्टेजवर मुख्याध्यापिकेने कौतुकाने विचारलं, "दादीजी, इस उम्र में पूरी बत्तीसी? राज़ क्या है?"

आजी दिल्या शब्दाला जागली. "सुबे सुबे मिश्री!"

सुनेने झटकन आजीच्या कमरेची मशेरीची डबी पदराआड केली. सभागृहाने मात्र टाळ्यांचा कडकडाट केला आणि शाळेने संध्याकाळी घरी अर्धा किलो मिश्री भेट धाडली.

आजीने अधीरपणे डबा उघडला आणि कपाळावर हात मारला.



"फसवलं की गं सूनबाई मेल्यांनी! ही तर खडीसाखर!"