एकच जिताडा

चौऱ्याऐंशी सालच्या आषाढात उरणच्या खाडीत सर्वेक्षणाची बोट थांबली आणि वैजयंतीने कठडा घट्ट धरला. नव्या बंदरासाठी तळाचा नकाशा काढायला पाण्याखाली सुरुंग उडवायचे होते. त्यात मासळी किती मरते, हे पाहायला तिला मत्स्य खात्यातून आणलं होतं. मुहूर्तही तिनेच काढला होता. नारळी पौर्णिमेपर्यंत कोळी जाळी टाकत नाहीत, तेव्हाच उरकावं, कुणाच्या पोटावर पाय नको. बार उडाला. पाणी उसळलं, गढूळलं, निवळलं. बराच वेळ काहीच दिसेना. मग एक जिताडा पोट वर करून तरंगत आला. "एकच? सुटलो," सर्वेक्षणाचे साहेब हसले. "मॅडम, दुसरा बार लावू ना?" तिने मासा ओढून घेतला, सुरी फिरवली. पिवळी गाभोळी, हजारो अंड्यांची, ओंजळभर बाहेर आली. कोळी का थांबतात, ते तिला आत्ता खरं उमगलं. तिने ओंजळ साहेबांपुढे धरली. "एकच ना, साहेब? मोजा."