कोरडा कागद

“मेन लाइन बंद न करता व्हॉल्व्ह बदलणारा शुद्ध मूर्ख असतो,” असं म्हातारा प्लंबर चाळीस वर्षं सांगत आला होता. हल्ली हसलं तरी धाप लागायची, म्हणून आज डॉक्टरांनी मांडीतून नळी सरकवून त्याच्या धडधडत्या हृदयात नवा व्हॉल्व्ह बसवला. तो जागाच होता. “झालं काका,” डॉक्टर म्हणाले. “निघू नका!” तो ओरडला. “जोड आवळल्यावर दहा मिनिटं खाली कोरडा कागद धरायचा असतो.” नर्स हसली, डॉक्टर मात्र थांबले. नळी काढून ते मांडीवर गॉज दाबून दहा मिनिटं उभे राहिले. मग नवा गॉज तिथे टेकवून म्हाताऱ्याला दाखवला. “कोरडा!” तो खूश झाला. “आता मेन चालू करा.” “बंद केलीच नव्हती, काका.” “म्हणजे चाळीस वर्षं मीच मूर्ख!” म्हातारा पोटभर हसला. धाप लागली नाही.