चकचकीत शेगडी

सुमित्रावहिनी वुडलँड्स उपनगरातून दिवाळीच्या कार्यक्रमाला आल्या, तेव्हा बँकवाला धनेश पडद्यावर आपल्या कॉन्डोतल्या आलिशान फ्लॅटमधली इंडक्शन शेगडी दाखवत होता.

"तीन वर्षांत माझ्या घरात गॅसची एक ज्योत पेटलेली नाही!"

टाळ्या.

"आणि या आमच्या वहिनी! अजून सिलिंडरला कवटाळून बसल्यात. जग कुठे चाललंय, वहिनी?"

हशा.

वहिनींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या चकचकीत शेगडीवर चहापलीकडे काही शिजत नाही, तीन वर्षं याच्या घरी रोजचा डबा आपल्याच गॅसवरून जातो, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण गिऱ्हाइकाला चारचौघांत उघडं कसं पाडायचं? त्याच आठवड्यात सिलिंडर परत केला, विजेच्या दोन शेगड्या आणल्या आणि वांगी तव्यावर भाजायला शिकल्या.

चौथ्या दिवशी डबा पोचला आणि अर्ध्या तासात धनेशचा एसएमएस आला.



"वहिनी, भरताला जाळावर भाजल्याचा वास नाही. आमच्याकडे कुणी तोंडात घातलं नाही. गॅस परत आणा ना, प्लीज."