श्रीनाथचा टॉवेल
मोसम संपला की हळर्णच्या आमच्या फुटबॉल क्लबाची कमिटी बसते. गेल्या वर्षी आपल्याच ज्या खेळाडूंची पुन्हा सही घेतली, ते बरोबर केलं का, ते एकेकाचं नाव घेऊन ठरवते. करवंटी फिरते, बरोबर वाटलं तर काजूची बी टाकायची, चुकलं वाटलं तर खडा. खडे जास्त पडले की त्याला यंदा निरोप. पहिलं मत खेळाडूचं स्वतःचं. यंदा श्रीनाथचं नाव आलं तेव्हा त्यानं खडा टाकला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसला. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला होता. उरलेला मोसम त्यानं खांद्यावर टॉवेल टाकून बाकावर काढला होता. खडा माझ्याही मुठीत तयार होता. सामन्यांचं शूटिंग करणारी गौरवी मोबाइल पुढे करत म्हणाली, "काका, बॉल बघू नकात. बाकार बसलेल्या श्रीनाथाचो टॉवेल बघा." टॉवेल डाव्या खांद्यावरून उजव्यावर गेला. त्याच क्षणी आमचे चारही बचावपटू एक पाऊल पुढे सरकले आणि समोरचा स्ट्रायकर ऑफसाइड सापडला. पुढच्या सामन्यात तेच. त्याच्या पुढच्यातही. "माका खबरच नाय," आमचा कोच कृष्णनाथ पुटपुटला. करवंटी फिरून आली तेव्हा तिच्यात खडा एकच होता, श्रीनाथचा. त्याला सांगायला मी दाराकडे गेलो. दारात ते चौघे बचावपटू आपल्या पाळीची वाट बघत उभे होते. पायरीवर श्रीनाथनं घाम पुसला आणि टॉवेल उजव्या खांद्यावर टाकला. चौघेही, नकळत, एक पाऊल पुढे सरकले.