तीन नावं

१९२१ची खानेसुमारी. घरोघरची माणसं लिहीत शाळेचे मास्तर अकोल्याच्या जुन्या शहरात मनकर्णा माळणीच्या दारी आले. पोरं मोजली की नजर लागते, म्हणून तिनं धाकट्याला वांग्यांच्या टोपल्याआड दडवलं आणि पोरांची तीनच नावं सांगितली.

महिन्याभरानं मास्तर पडताळणीला परत आले.

"कोणी जन्मलं असेल तर लिहितो, गेलं असेल तर खोडतो."

"लहाना गेला, मास्तर. गोवरानं."

मास्तरांनी यादीवरून बोट फिरवलं. "इथं तर पोरं तीनच आहेत, अन् तिघंही अंगणात खेळताहेत. खोडू कोणाला?"

मनकर्णा उंबऱ्यावर बसली.

"सुखदेव नाव होतं त्याचं. पयले लिवा, मास्तर. मंग खोडा."