डावीकडचा भात

संघमित्राने ताट फिरवलं आणि पुन्हा भाऊरावांसमोर सरकवलं.

"बाबा, अजून आहे."

"अरेच्चा," भाऊराव म्हणाले. "मला वाटलं संपलं."

डावीकडचा भात आणि वांग्याची भाजी आता उजवीकडे आली होती. ताट फिरलं की भाऊरावांना आठवायचं, हे आपण मुद्दाम ठेवलं होतं. मग ते मान खाली घालून सावकाश जेवत. ते जेवेपर्यंत मुलगी समोर बसायची.

बायको, चंपा, गेल्यापासून पंतनगरच्या या घरात त्यांच्यासमोर कोणी बसलं नव्हतं. एकदा लावलेला भात दोन दिवस पुरायचा. टीव्ही चालू ठेवायचा, म्हणजे घरात माणसाचा आवाज यायचा. मग उन्हाळ्यात मेंदूत रक्ताची गुठळी अडकली, डावा हात लुळा पडला आणि संघमित्रा नाशिकहून धावत आली. तिने बिनपगारी रजा काढली, आठ वर्षांच्या दीप्तीला सासूकडे ठेवलं. हात हळूहळू सुधारला. डावीकडचं काही सुधारेना.

व्यायाम घ्यायला घरी येणाऱ्या क्षमा मॅडमनी पहिल्याच दिवशी समजावलं होतं.

"यांचे डोळे चांगले आहेत. पण आजूबाजूला काय आहे याचं भान उजवा मेंदू ठेवतो, आणि डाव्या बाजूचं तर तोच. तो दुखावला की माणसाच्या लेखी डावी बाजू उरतच नाही. बोलणं असतं डाव्या मेंदूत. तो यांचा शाबूत आहे. त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीचं कारण तयार असतं."

"ते आजारपणाच्या आधीपासून आहे हो," संघमित्रा म्हणाली. "आई म्हणायची, तुझ्या बापाला एकदा तरी गप्प बसवून दाखव."

तिघंही हसले होते.

आज मॅडमनी कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. भाऊरावांनी गोल काढला, बारापासून सहापर्यंत आकडे लिहिले आणि पेन ठेवलं. मॅडमनी कागद ताटासारखा फिरवून त्यांच्यासमोर धरला.

"काका, बाकीचे आकडे?"

"राहिले वाटतं."

"हरकत नाही. अजून वेळ लागेल."

भाऊरावांना बरं वाटलं. आपण बरे झालो की मुलगी जाणार, एवढा साधा मामला होता. परवा दाराच्या चौकटीवर डावा खांदा आपटला तो जरा जोरातच लागला होता. पण नाटकात थोडंफार लागायचंच, असं त्यांनी स्वतःला सांगितलं होतं.

दुपारी दीप्तीचा फोन आला. संघमित्रा पोळ्या लाटत होती, म्हणून तिने स्पीकर लावला.

"मम्मी, उद्या माझा नाच आहे शाळेत. येणार ना?"

"बाळा, आबांना बरं वाटलं ना, की लगेच येते."

"मागच्या वेळी पण तू हेच बोललीस."

"दीपू, ऐक ना..."

पलीकडून फोन बंद झाला. संघमित्राने तव्यावरची पोळी उतरवली. मग सिंकचा नळ सोडून ती त्याच्याकडे तोंड करून उभी राहिली. सिंकमध्ये एकही भांडं नव्हतं.

भाऊराव बराच वेळ पाण्याचा आवाज ऐकत बसले. लग्न होऊन जाताना ती अशीच नळ सोडून उभी राहिली होती. तेव्हा तिच्याजवळ चंपा गेली होती.

"मित्रा," त्यांनी हाक मारली. "इकडे ये. तू घरी जा."

"तुम्हाला असं टाकून?"

"मला सगळं दिसतं. नाटक करत होतो मी."

ती हात पुसत समोर येऊन बसली. "कसलं नाटक?"

"सगळंच. ताट, ते घड्याळ, परवाचा खांदा पण. तू राहावीस म्हणून."

संघमित्राचा आवाज चढला. "लाज नाही वाटली? माझी पोर तिकडे रडतेय आणि मी इथे तुमचं ताट फिरवत बसलेय! आता मॅडमना काय सांगू?"

"सांग, बाप लबाड आहे."

"थांबा. तुमच्या डाव्या हाताच्या भिंतीवर काय आहे?"

भाऊरावांनी तिच्यावरची नजर काढली नाही. "वर घड्याळ. खाली तुझ्या आईचा फोटो, त्याला चंदनाचा हार. त्याच्या खाली बटणांचा बोर्ड. शेवटचं बटण तुटलंय."

सगळं बरोबर होतं. संघमित्राने पदराने डोळे पुसले आणि तिला हसू फुटलं.

"आई असती ना, तर लाटण्याने झोडलं असतं तुम्हाला."

"झोडलंच असतं."

तिने लगेच नवऱ्याला फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी छेडानगरहून नाशिकची बस होती. नाच संध्याकाळचा होता, वेळेत पोचता येणार होतं.

सकाळी बॅग दाराशी आली. भाऊरावांनी ठरवलं होतं, मुलीला आजारी तोंडाने निरोप द्यायचा नाही. इतके दिवस त्यांची दाढी तीच करून द्यायची. आज ते स्वतः आरशासमोर उभे राहिले. घाई केली नाही. उद्यापासून पुन्हा टीव्हीशी बोलायचं, हे मनात आलं तेव्हा रेझर थोडा थांबला. मग त्यांनी ब्रश धुऊन ठेवला आणि गालावरून हात फिरवला. गुळगुळीत झाला होता.

"चल, गेटपर्यंत येतो," बाहेर येत ते म्हणाले. "बघ, आहे की नाही बाप ठणठणीत?"

संघमित्रा वाकून सँडलचा पट्टा लावत होती. तिने हसत मान वर केली. त्यांच्या डाव्या गालावर, कानापासून हनुवटीपर्यंत, साबणाचा फेस तसाच होता आणि कडेने वाळत चालला होता.